तिसऱ्यांदा विचारा

मी ज्या साप्ताहिकात बातमीदार आहे, ते व्हर्जिनियातल्या एका जुन्या शहरातून निघतं. इंग्रजांच्या अमलात वसलेलं शहर. अजूनही तिकोनी टोप्या घातलेले गाइड पर्यटकांना विटांची घरं दाखवत हिंडतात. "तुमच्यावरही इंग्रजांचं राज्य होतं, आमच्यावरही," असं पहिल्याच दिवशी म्हणून ज्यांनी मला आपल्या शेजारचं टेबल दिलं, ते आमचे सर्वांत जुने बातमीदार. तीस वर्षांपूर्वी आयर्लंडहून आलेले. मी त्यांना काका म्हणते. अर्थ कळल्यापासून ते स्वतःही मला फोन केला की "काका बोलतोय" म्हणतात. आता काय बोलणार!

गेल्या वर्षी आमच्या संपादकबाई नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या खुर्चीवर काकांचा किती जीव होता, हे ऑफिसातल्या कॉफी मशीनलासुद्धा माहीत होतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये मालकीणबाईंनी सरळ विचारलं, "तुम्ही संपादक व्हाल का?"

"छे छे, मला कुठलं जमतंय! एखादा तरुण बघा."

"स्पष्ट सांगितलंत, थँक्स," म्हणून बाईंनी विषयच संपवला. बाहेरचा माणूस घ्यायचा आणि शुक्रवारी जाहिरात टाकायची, हेही तिथल्या तिथे ठरलं. काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

मी कपाळावर हात मारला. अहो, हे तर आमच्या नागपूरच्या घरातलंच! पोहे पुढे आले की पोटात कावळे ओरडत असले तरी आधी "नको हो, आत्ताच खाऊन आले" म्हणायचं. मग यजमानीणबाईंनी "असं कसं, थोडे तरी घ्या" म्हणायचं. तिसऱ्या आग्रहाला कुठे प्लेट हातात घ्यायची.

लंचला मी काकांना गाठलं. "खुर्ची हवी होती ना?"

"हवी होती म्हणजे काय!" ते उसळलेच. "पण पहिल्या फटक्यात हो म्हटलं तर आमच्याकडे हावरट म्हणतात. तिनं पुन्हा विचारायला नको?"

"मग आता जाऊन सांगा तसं."

"मेलो तरी नाही!"

झालं. शेवटी मीच मालकीणबाईंच्या केबिनमध्ये घुसले.

"ते नाही म्हणाले ना?" बाई म्हणाल्या.

"एकदाच म्हणाले. तीनदा विचारा. तिसरं 'नाही' तेवढं खरं धरायचं."

बाई पडल्या अमेरिकन. त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही; त्यात त्यांची तरी काय चूक? पण उठल्या बिचाऱ्या. काकांच्या टेबलाशी येऊन त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"माझं वय बघा हो," काका म्हणाले.

बाई वळायलाच लागल्या. माझा जीव खालीवर! मी काकांच्या पाठीमागून बोट वर करून खुणावलं, अजून एकदा.

"प्लीज," बाई थांबून म्हणाल्या. "तुमच्याशिवाय हा पेपर निघायचा नाही."

"आता एवढी अडचणच असेल तुमची, तर बघतो," काका उपकार केल्यासारखे म्हणाले. मला हसू आवरेना.

दुपारी अभिनंदन करायला गेले, तर ते नव्या खुर्चीत बसलेले. चष्मा पुसत म्हणाले, "या देशात तीस वर्षांत मला कुणी तिसऱ्यांदा विचारलं नव्हतं गं."

पहिल्याच 'नको'ला या माणसाच्या हातून काय काय गेलं असेल!

"काय काय गेलं, काका?"

"काही नाही."

मी खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा विचारलं.