वस्तीत मधमाश्या नकोत

मधमाशी हगते, हे आमच्या गल्लीला शेजारच्या भाऊजींनी शिकवलं. हिवाळ्यात मधाच्या पेटीतून निघालेली माशी उडता उडता पिवळा ठिपका टाकते, तो त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर पडायचा. मग ते दारात येऊन धोतर माझ्या नाकासमोर धरायचे. "वैनी, तुमच्या माशा माह्या धोतरावर हगून राह्यल्या." याच माणसाच्या गोठ्याची नाली आमच्या दारावरून उघडी वाहायची. शेण, मूत, वर मोरीचं पाणी. त्या घाणीबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

आणीबाणी उठली त्याच्या आसपासची ही गोष्ट. माझ्या दोन पेट्या मागच्या भिंतीला होत्या. घरातले सगळे भाजीवाले, वांगी-कोहळ्यांच्या टोपल्या बसनं वर्ध्याला जायच्या. पण पेट्या माझ्या. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

उन्हाळ्यात माशांना पाणी लागतं. मी परातीत खडे टाकून पाणी ठेवायची, पण मेल्यांना नालीच गोड. नालीवरून उठायच्या आणि लोकांच्या घागरींवर बसायच्या. शेवटी चावडीत सभा भरली आणि नियम झाला: मधाच्या पेट्या वस्तीत नकोत, नाल्यापलीकडे ठेवा, आजच्या आज. पहिला हात वर झाला तो भाऊजींचा, कारण ते पंचायतीचे मेंबर. बाकीचे हातही माझ्या ओळखीचे होते. खोकला झाला की तेच मधासाठी वाटी घेऊन यायचे. मी विचारलं, नालीचं काय? सरपंच म्हणाले, "नालीचा इषय आज नाई, बाई."

मी सांगून पाहिलं की पेटी अंधार पडल्यावर हलवतात, सगळ्या माशा आत आल्या की, आणि न्यायची तर चांगली कोस-दोन कोस लांब. नाला तर हाकेच्या अंतरावर. तिथून त्या जुन्याच जागी परत येणार. "तुमच्या माशाइले आपलं घर काऊन वळखता येत नाई?" कोणीतरी म्हणालं आणि सभा हसली. कोतवालानं भर दुपारी पेट्या बैलगाडीत टाकून नेल्या. निम्म्या माशा तेव्हा फुलांवर होत्या.

संध्याकाळी त्या परत आल्या. पेटी नाही, म्हणून उघड्या भिंतीलाच घोस करून लोंबल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्याही येऊन मिळाल्या. भाऊजींनी भिंतीखाली टायर जाळलं. माशा टपटप खाली पडल्या आणि त्यांनी खराट्यानं त्या नालीत लोटल्या. रिकाम्या पेट्यांतल्या पोळ्यांना अळ्या लागल्या.

पावसाळा सरता सरता त्यांच्या सुनेला मुलगी झाली. बाळाच्या जिभेला मध लावायचा, म्हणून भाऊजी वाटी घेऊन माझ्याच दारात आले. लाज नावाची गोष्ट नाही. घरात शेवटची बाटली होती. मी म्हटलं, "हा नालीवर बसणाऱ्या माशाइचा मध हाय, भाऊजी. चालते?"

"मधाले काई होत नाई, वैनी," ते म्हणाले आणि वाटी धोतरानं पुसून पुढे केली.

लेकराचा काय दोष, म्हणून दिला. बोट चाटत ते पायऱ्या उतरले, मग वळून म्हणाले, "पेट्या आनजा पुन्हा. फक्त आमच्या बाजूनं ठेवू नोका."

वाटी सांडू नये म्हणून नाली त्यांनी फार जपून ओलांडली. पेट्या मी पुन्हा आणल्या नाहीत.