अंगठा चुकला तो रविवार

कोकंदच्या आमच्या आळीत हमदम-अकाला, साऱ्या आळीच्या या थोरल्या भावाला, दाखवल्याखेरीज कोणी जुनी गाडी घेत नसे. सून आईच्या पसंतीची, गाडी अकाच्या पसंतीची. माणूस तसा साधा. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला, दुपारी घोरणारा, बायकोला भिणारा. गाडीजवळ गेला की मात्र निराळाच व्हायचा. मीटरकडे ढुंकूनही बघायचा नाही. मीटर मागे फिरवता येतं, रबर नाही, असं त्याचं म्हणणं. वाकून ब्रेक आणि क्लचच्या पॅडलवर अंगठा फिरवायचा, वैद्य नाडी बघतो तसे डोळे मिटायचा, आणि गाडी किती लाख किलोमीटर पळलीय ते सांगायचा. मग रास्त भाव. पॅडलवर नवं रबर चढवलेलं असलं तर नुसत्या वासाने ओळखायचा. बाजारातले दलाल त्याला लांबून बघूनच तोंड फिरवायचे.

या अकाने एकदा मला चहाखान्यात सोलून काढलं. माझ्या गाडीत वाकला, उठला आणि चारचौघांत म्हणाला, "बरी आहे. मालकाच्या विनोदांपेक्षा कमीच वापरलीय." लोक महिनाभर हसत होते, माझी बायको अजून हसते. मी दुसऱ्यांच्या टोप्या उडवणारा. माझी उडाली की फार झोंबतं.

म्हणून त्या रविवारी जे केलं ते केलं.

सालोमत-ओपा आमच्याच आळीतली, सगळ्यांची ताई, नवऱ्यामागे स्टेशनवर सोमसे, म्हणजे भट्टीतले सामोसे, विकून घर चालवणारी. टोपल्या वाहून तिचे खांदे गेले होते. आठ वर्षं साठवून तिने गाडी घ्यायचं ठरवलं, अकाला बाजारात घेऊन गेली आणि मी गंमत बघायला मागोमाग. एक पांढरी नेक्सिया तिच्या मनात भरली. विकायला आलेला तरुण मला ओळखत नव्हता, पण गाडी मी ओळखली. माझ्या सासुरवाडीच्या म्हाताऱ्या इसोक-ओताची. बारा वर्षं कामचिकचा घाट चढून ताश्कंदच्या सवाऱ्या नेल्या त्याने. आणि ओताचे पाय दुखरे, त्यामुळे बारा महिने मऊ कातडी बूट, वर रबरी कलोश. गाडीत बसताना घरात शिरल्यासारखे कलोश काढून बाजूला ठेवणार आणि त्या मोज्यासारख्या तळव्यांनी पॅडल दाबणार. रबर झिजणार कुठून?

अकाने अंगठा फिरवला, डोळे मिटले. "सव्वा लाखाच्या वर नाही. साडेसात कोटी सोम द्यायला हरकत नाही, ओपा."

खरे पाच लाख किलोमीटर झाले होते. पाच कोटीसुद्धा जास्त झाले असते.

मी गप्प. म्हटलं, चढू दे अजून, जितका वर चढेल तितका आपटेल. सौद्याआधी सांगू की. एका दलालाने सौदा पक्का करायला ओपाचा आणि त्या तरुणाचा हात एकमेकांत अडकवून गदगदा हलवायला सुरुवात केली, तेव्हाही मी मनातल्या मनात वाक्य नटवत होतो, चहाखान्यात पुन्हा सांगता येईल असं. तेवढ्यात सालोमत-ओपा म्हणाली, "बरका." हा शब्द गेला की आमच्याकडे सौदा मोडत नाही, सख्ख्या बापाने केलेला असला तरी.

दोन महिन्यांत इंजिन बसलं. मिस्त्रीने उघडून दाखवलं तेव्हा अका तिथेच होता म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून तिच्या टोपल्या स्वतःच्या गाडीतून स्टेशनवर पोचवू लागला. गाडी दाखवायला कोणी आलं तर परत पाठवायचा, आता अंगठ्याला कळत नाही म्हणून. सालोमत-ओपा त्याला चकार शब्द बोलली नाही. मला तर हाक मारून गरम सोमसा द्यायची, माझ्या आवडीचा, जास्त कांद्याचा. तो मला गिळवत नसे.

शेवटी अकाच्या अंगणात जाऊन बसलो. त्याने पियाल्यात चहा ओतला. मी कलोशाची गोष्ट सांगितली.

ऐकताना त्याचा चेहरा उजळत गेला. "काढून ठेवायचा? मऊ तळव्याने? तरीच." स्वतःच्या अंगठ्याकडे बघून तो हसला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "अरे, मला वाटलं मी म्हातारा झालो. तुला कधी कळलं हे?"

इथे खोटं बोलता आलं असतं. सासुरवाडीला गेलो होतो, काल कळलं, एवढंच म्हटलं असतं तर झालं असतं.

"बरकाच्या आधी," मी म्हणालो.

अका हसायचा थांबला. माझा पियाला उचलला आणि चहा ओतत राहिला, काठोकाठ भरेपर्यंत. आमच्यात पाहुण्याला अर्धा पियाला देतात, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. भरलेला दिला की समजायचं, पिऊन ऊठ.

तोंड भाजत प्यालो आणि उठलो. सालोमत-ओपाचं घर तिथून तिसरं. दाराशी गेलो तर ती टोपलीवर कापड अंथरत होती. मला बघून म्हणाली, "ये, जुरा, आज कांद्याचेच आहेत."

"ओपा, आधी ऐकून घे," मी म्हणालो. "मग द्यायचा की नाही ते ठरव."