नीलगाईला गोग्रास

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मी कधी तपासून पाहिलं नाही. सासूबाई गौरी बसवत, म्हणून मी बसवते. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, त्यापलीकडचं मला विचारू नये. गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी जे झालं, ते जसं झालं तसं लिहिते.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. आठवड्यातून दोन दिवस प्राणी उद्यानात सेवेला जाते. काम एकच, लोकांना जनावरांना काही खाऊ घालू न देणं. ते मला जमतं, माझ्या तोंडी कुणी लागत नाही.

त्या दिवशी पाऊस थांबत नव्हता. गोग्रास द्यायला गल्लीत एक गाय सापडेना. मी म्हटलं, उद्यानात नीलगाय आहे, तीही गायच. ते ऐकून आसपासच्या मराठी घरांनीही आपापलं पान माझ्या डब्यात रिकामं केलं. आठ घरांच्या पुरणपोळ्या आणि भात. बाटलीच्या दुधावर वाढलेली ती माणसाळलेली नीलगाय जाळीशी आली आणि सगळं खाऊन गेली. ते खाऊ घालणं आहे, असं माझ्या मनातही आलं नाही. नैवेद्य होता ना.

तासाभरात तिची डावी कूस ढोलासारखी फुगली. लाळ गळू लागली. ती गाभण होती. तिची देखभाल करणारा रामसेवक धावत आला.

"अम्मा, किसी ने कुछ खिलाया क्या?"

"नहीं तो. मैं यहीं बैठी थी," मी म्हटलं.

त्याने डॉक्टरांना फोन लावला. ते पडावच्या पुलाखाली साचलेल्या पाण्यात अडकले होते. मी छपराखाली बसून गौरीचा धावा करत होते, आणि मागत काय होते? माझी लाज राख, कुणाला कळू देऊ नकोस. तिकडे नीलगाय पुढच्या गुडघ्यांवर बसली आणि मान टाकू लागली. तिचा श्वास मला पावसातही ऐकू येत होता. तेव्हा मनात म्हटलं, माझी लाज जाऊ दे, हिला वाचव. आणि उठून सांगितलं, "मैंने खिलाया. पूरनपोली. आठ घरों की."

रामसेवक म्हणाला, "आप ने? आप तो बच्चों के हाथ से चना छीन लेती हो!"

छपराखाली पावसासाठी थांबलेल्या दोन बायका हे ऐकून पुढे आल्या. थोरली म्हणाली, "हम तो समझे कोई बीमारी है. यह तो अफरा है. हमारी भैंस को शादी की जूठन से हुआ था." अफरा म्हणजे पोटफुगी; तेलात हिंग घालून पाजू, असं ती म्हणाली. डॉक्टर फोनवर म्हणाले, करू द्या, पण तेल थोडं थोडं पाजा, मान वर ओढू नका. चहाच्या टपरीवरून गोडं तेल आणि हिंग आला. धाकटीने जनावराच्या तोंडात आडवी काठी बांधली. आम्ही चौघांनी ढकलून तिला चढावर उभं केलं. किती वेळ गेला माहीत नाही. मग तिने आंबट वासाची लांबलचक ढेकर दिली, आणि मी तिथेच चिखलात बसले. डॉक्टर आले तोवर कूस उतरू लागली होती.

त्या दोघी चहालाही थांबल्या नाहीत. मुरारकडच्या आहोत, एवढंच जाता जाता म्हणाल्या; नावं विचारायची राहिली. घरी सून म्हणाली, "आई, ज्येष्ठा-कनिष्ठाच आल्या हो!" मी म्हटलं, "मुरारकडच्या होत्या, म्हशी पाळतात." म्हटलं खरं, पण आरतीत गौरींचे दोन्ही मुखवटे निरखत राहिले.

उद्यानाच्या साहेबांनी मला महिनाभर घरी बसवलं. बरोबर केलं. त्या महिन्यात एवढं कळलं की मी स्वतःला वाचवत बसले होते तोवर मदत चार हातांवर उभी असून उपयोगाची नव्हती. कुणी पाठवली, ते ठरवणारी मी कोण? आली, त्याला हात जोडते.

मार्गशीर्षात नीलगाईला पाडस झालं. मी जाळीबाहेरून पाहिलं, रिकाम्या हातांनी.