दोन्ही तीरांची नुंजा

नादोरच्या कोर्टात बेलीफ अल्लाल एकतीस वर्षं नोटिसा वाटत होता. कुणी तोंडावर दार आपटलं तरी हा चिकट गडी कागद दिल्याशिवाय हलायचा नाही. लोक त्याला कोर्टाची गोचीड म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं.

समुद्रापलीकडं ब्रसेल्सला राहणाऱ्या नुंजाला तिथल्या कोर्टानं घटस्फोट दिला होता. पण इथल्या कोर्टाची मोहोर लागेपर्यंत इथं ती मिमूनचीच बायको. दुसरं लग्न आपल्या माणसांत, इथंच करायचं तिच्या मनात होतं, म्हणून तिनं अर्ज केला. मिमूनला नोटीस पोचवायचं काम अल्लालकडे आलं.

डोंगरावरच्या घराचं दार किंचित उघडलं. मेंदी लावलेला हात बाहेर आला.

"ते शेतावर गेलेत. मी बायको त्यांची. द्या इकडं."

घरात राहणाऱ्या बायकोला नोटीस देता येते. अल्लालनं नाव विचारलं, लिहिलं, अंगठा घेतला.

ते नाव वाचून कोर्टातला कारकून पोट धरून हसला. "अहो अल्लालभाऊ, जिनं दावा लावला तिलाच नोटीस देऊन आलात? ती तर सकाळपासून या बाकावर बसलीय!"

बाकावरची नुंजा हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सात वर्षं झाली, मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही, दादा. पुन्हा जा. पण कागद त्याच्याच हातात द्या. मला सुटायचंय."

दुसऱ्या खेपेला मिमून स्वतः दारात आला. दाढीत जवाच्या भाकरीचा चुरा. त्यानं गुमान सही केली.

"भाकरी कोण थापतं रे तुला?"

"नुंजा. दुसरं कोण?"

महिन्याभरात मोहोर लागली. निकालाची प्रत घेऊन अल्लाल तिसऱ्यांदा डोंगर चढला. मिमूनची सही होते न होते तोच आतून त्या मेंदीच्या हातवालीचा आवाज आला, "अल्लालभाऊ, ती सुटली. मग मी आता कुठं जाऊ?"

अल्लालच्या अंगावर सर्रकन काटा आला. "ते कागदात लिहिलेलं नाही, बाई," तो म्हणाला, आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो भराभर डोंगर उतरला. दोनदा वळून पाहिलं, मागं कुणी नव्हतं. घरी त्याची बायको यामना चहासाठी पुदिना खुडत बसली होती. त्याला पाहून ती उठली आणि तिनं एक पेला जास्त मांडला.

"शोभतं का हे?" त्याच्या खांद्यावरून बाहेर बघत ती म्हणाली. "पाहुणीला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलंत! ये गं बाई, आत ये."