महादू वस्तादाचं माप

महादू वस्ताद आमच्या कट्टा गावचा. तरुणपणी मुंबईला गिरणीत होता, तिथल्या तालमीत घुमला आणि गुडघा मोडून घेऊन गावी परत आला. जमीन भावाच्या ताब्यात, गुडघा वाकेना, तेव्हा त्याने एक अजब धंदा काढला. लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या पोरांकडून मेहनत करून घ्यायची. सकाळी एकाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जोर, मग दुसऱ्याच्या खळ्यात बैठका.

या धंद्यात सुख नव्हतं असं नाही. शेतात राबणाऱ्याला कोण पेलाभर दूध देतो? वस्तादाला मिळायचं, वर केळं. जेवायला मानाचा पाट. पण पोर जरा अंगाने भरलं की मुंबईला पळायचं आणि पेला बंद व्हायचा. पावसाळ्यात खळ्यात चिखल, म्हणजे चार महिने उपासच. स्वतः करून दाखवल्याशिवाय पोरं हलत नसत, त्यामुळे मोडका गुडघा रोज नव्याने मोडायचा. आणि एवढं करून पोर हडकुळंच राहिलं तर दोष वस्तादाचा, घरच्या पातळ पेजेचा कधीच नाही! मला याचा भारी राग यायचा. मी शाळामास्तर, पोर नापास झालं की माझीही तीच गत व्हायची.

अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला धामापूरच्या सावित्रीने वस्तादाला बोलावून घेतलं. नवरा वारलेला, एकच मुलगा, गुरुदास. त्याला पोलिसात भरती व्हायचं होतं. पुढच्या मे महिन्यातली भरती शेवटची, त्यानंतर त्याचं वय उलटणार होतं. सावित्रीकडे एकच गाय. तिचं दूध ती दोन पेल्यांत ओतायची, एक मुलाला आणि एक वस्तादाला. स्वतः कोरा चहा प्यायची.

सात महिने वस्ताद लंगडत धामापूर गाठत होता. त्याच्याकडे मोजपट्टी नव्हती, सुंभाची दोरी होती. दर महिन्याला गुरुदासला छाती फुगवायला लावून दोरी गुंडाळायची आणि पोचली तिथे गाठ मारायची. गाठी पुढे सरकत होत्या. उठताबसता एकच हुकूम, "छाती!" गुरुदास विहिरीवर असो की जेवणावर, शब्द कानी पडला की श्वास भरून ताठ.

कागदपत्रं सांभाळायला मीही त्यांच्याबरोबर रत्नागिरीला गेलो. दौडीत गुरुदास पहिला आला. उंची बसली. मग छातीची रांग लागली. आम्ही दोरखंडापलीकडे उभे होतो. दमलेला गुरुदास खांदे सोडून उभा होता, अगदी बरोबर उभा होता. पण वस्तादाला ते बघवेना.

"गुरुदास, छाती!"

त्याने तत्क्षणी श्वास भरला. टेप पस्तीसवर आली. कारकुनाने लिहिलं आणि म्हणाला, "ही साधी. आता फुगवा."

आता काय फुगवणार? मानेच्या शिरा तटतटल्या, तोंड लाल झालं, तरी टेप अर्धाच इंच सरकली. फरक दोन इंचांचा लागत होता.

"बाजूला व्हा," कारकून म्हणाला. मी हात जोडून पुन्हा मोजायला सांगितलं, तर त्याने मागची रांग दाखवली.

हा नियम छापलेला कागद माझ्याच खिशात होता. एस.टी.त मी तो वाचलाही होता. वस्तादाला एवढं ठाऊक असणारच, असं मी धरून चाललो. पण त्याच्या तालमीत साधी छाती कुणी मोजतच नसे.

"गुरुजी, दौडीत पयलो इलो ना तो? मगे काय झाला?" वस्तादाने मला विचारलं. मी समजावून सांगितलं. तो हातातल्या दोरीच्या गाठी चाचपू लागला.

"म्हणजे मी गप रवलंय असतंय तर?"

खोटं बोलायला हवं होतं. मी हो म्हणून गेलो.

धामापूरला पोचल्यावर गुरुदास थेट गोठ्यात गेला. वस्तादाने खळ्यात उभं राहून सावित्रीला सगळं सांगितलं, स्वतःच्या ओरडण्यासकट. ती आत गेली आणि रोजचा पेला घेऊन आली.

"प्या, वस्तादानू. तुमचो काय दोष? माज्या झिलान तुमी शिकवलात ताच केल्यान."

तिने समजूत घालायला म्हटलं होतं. वस्तादाने दूध कसंबसं घशाखाली ढकललं. त्यानंतर तो कुणाच्याच खळ्यात गेला नाही. कट्ट्याच्या स्टँडवर नुसता बसून असायचा. भाऊ दोन वेळची पेज घालायचा, तीही ऐकवून.

पाचेक वर्षांनी बाजाराच्या दिवशी मी त्याच्या शेजारी टेकलो होतो. समोरून गुरुदास आला. एका दुकानदाराकडे हमाली करायचा, पाठीवर तांदळाचं पोतं, पार वाकलेला. वस्तादाला बघताच तो थांबला. वस्ताद चकार शब्द बोलला नव्हता, तरी गुरुदासने पोत्यासकट श्वास भरला आणि छाती काढून ताठ उभा राहिला.

वस्तादाने तोंड फिरवलं.