रजिस्टर माझं, पाठ बबनरावला

रक्त देणाऱ्यांचं रजिस्टर माझ्याकडे होतं. मी आमच्या दवाखान्याचा बाबू, मधुकर. कोणाचं रक्त कोणत्या गटाचं, माणूस राहतो कुठे, शेवटचं रक्त दिलं कधी, सगळं मी वळणदार अक्षरात लिहून ठेवायचो. आठ वर्षं लिहिलं. या आठ वर्षांत ते रजिस्टर उघडा म्हणून मला कोणी सांगितलं असेल तर शपथ.

कारण बबनराव. हा रक्त तपासायच्या खोलीतला अटेंडंट. बाटल्या धुवायचा आणि एकशे बारा माणसं डोक्यात घेऊन फिरायचा. डॉक्टरांनी नुसतं 'बी पॉझिटिव्ह' म्हणायचा अवकाश, हा बाटली धुता धुता सांगे, की देवळीच्या किसनरावला बोलवा, तो आज बाजारात भेटेल. ओमप्रकाश नको, त्याला देऊन दोनच महिने झाले. एकदा रक्त दिलं की तीन महिने त्या माणसाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. ते तीन महिनेही हा मनातच मोजायचा. माझ्या कपाटाची किल्ली सापडेपर्यंत याचा निरोप घेऊन माणूस सायकलवर निघालेला असे.

दर एक तारखेला मात्र तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. नवीन कोण आलं, गाव सोडून कोण गेलं, ते मी वाचायचो आणि तो डोळे मिटून ऐकायचा. तेवढ्यावर त्याचा महिना निघायचा. मधेच काही बदललं तर मी जाऊन त्याच्या कानावर घालायचो. एवढी साधी व्यवस्था होती.

एक्क्याऐंशीच्या जुलैत मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "रजिस्टर कशाला हवं, बबनराव आहे ना." सगळे हसले. बबनरावही हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच आठवड्यात, नऊ तारखेला, नाचणगावच्या हरिदासचा भाऊ सांगायला आला की हरिदास गेला, मोटेच्या विहिरीत पडून. ओ निगेटिव्ह रक्ताची आमच्याकडे दोनच माणसं होती, एक हा हरिदास आणि दुसरा खुद्द बबनराव. मी हरिदासच्या नावावर तांबडी रेघ मारली, शेऱ्यात 'मयत' लिहिलं, आणि बबनरावला सांगितलं नाही. एवढा हुशार आहे ना, कळेल एक तारखेला. असाच विचार केला मी, खोटं कशाला बोलू.

एकोणीस तारखेला सकाळी अकराच्या सुमारास धुरपताला आणलं. भाजीची वाडी करणाऱ्या घरची सून. पोरगी झाली, पोरगी ठणठणीत, पण धुरपताचं रक्त थांबेना. गट ओ निगेटिव्ह. मी औषधांच्या यादीसाठी मागच्या इमारतीत गेलो होतो. परत आलो तर जीप निघून गेलेली. कोणाकडे पाठवली म्हणून विचारलं, तर बबनराव म्हणाला, नाचणगावला, हरिदासकडे.

हरिदास वारला आणि ते मला दहा दिवसांपासून माहीत होतं, हे मी त्याला तिथेच सांगितलं. जीप परत यायला तास लागणार होता. धुरपताकडे तेवढा वेळ नव्हता.

बबनराव रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त हात पुसत म्हणाला, "मले काऊन नाई सांगतलं, बाबू?"

माझी मलाच लाज वाटली. त्यानं शर्टाची बाही वर केली आणि प्रसूतीच्या खोलीकडे चालू लागला. त्यानं जूनच्या सव्वीसला रक्त दिलं होतं, तेवीस दिवसही धड झाले नव्हते आणि अंगानं हा असा काटकुळा. मी मागं धावत म्हटलं, तुमचे तीन महिने झाले नाहीत.

"ते मले मालूम हाये," तो म्हणाला.

आत डॉक्टरीणबाई नवीन होत्या. शेवटचं रक्त कधी दिलं, असं त्यांनी विचारलं. आठ वर्षांत ज्याची एक तारीख चुकली नाही तो माणूस म्हणाला, मार्चात. बाईंनी त्याच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "रजिस्टर आणा. वाचा."

मी रजिस्टर आणलं, पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, सव्वीस जून. बबनराव माझ्याकडे पाहत होता, आणि पलीकडे धुरपताची सासू दाराला टेकून उभी होती.

"मार्च," मी वाचलं. "चार महिने झाले, बाई."

बाईंनी सुई टोचली. संध्याकाळी धुरपतानं पोरगी मागितली. बबनराव पुढे पंधरा दिवस भिंत धरून चालत होता. एक तारखेला तो माझ्या टेबलाशी आला नाही. मग मीच रजिस्टर काखेत मारून त्याच्या खोलीत गेलो, स्टुलावर बसलो, आणि सगळ्यात आधी हरिदासचं नाव वाचलं.