पान वाचून झाल्यावर

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा आमचे हे कारखान्यात क्रेन चालवायचे. डब्यासोबत रोज एक मराठी पुस्तक जायचं. ड्यूटीवरून आले की चहा पिताना ते मला गोष्ट सांगत, मग तेच पुस्तक मी वाचायची. आमच्या क्वार्टरच्या ओळीत मराठी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. मुलगा घरी मराठी बोलायला शिकला, पण वाचायला त्याला हिंदीच सोपी. त्यामुळे पुस्तकातल्या माणसांबद्दल बोलायचं तर आम्ही दोघंच. एखादी बाई नवऱ्याला सोडून गेली ते बरोबर की चूक, यावरून आमचं दोन-दोन दिवस वाजायचं.

रिटायर झाल्यावर दुर्गला, पद्मनाभपुरात राहायला आलो. वाचन चालूच होतं, म्हणून मला काही कळलं नाही. एकदा मी कादंबरीचा शेवट विचारला तर म्हणाले, "तूच वाच ना, मी कावून सांगू?" मला वाटलं, चेष्टा करून राहिले. असं चार-पाचदा झालं. मग एक दिवस बाजारातून घरी यायचा रस्ताच विसरले. शेजाऱ्यांनी आणून सोडलं.

डॉक्टरकडे जाताना ऑटोतून त्यांनी दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचल्या. एकही चुकली नाही. मला धीर आला. डॉक्टरांनी चार ओळींचा कागद दिला, तोही त्यांनी खणखणीत वाचला. त्यात काय लिहिलं होतं, असं विचारल्यावर मात्र माझ्या तोंडाकडे बघत बसले. जन्मभर वाचणारा माणूस कधीकधी बराच काळ निभावून नेतो, म्हणून घरच्यांना उशिरा कळतं, असं डॉक्टर म्हणाले. आमचं शेवटचं भांडण कधी झालं होतं, ते मी तिथं बसून आठवत होते. आठवलं नाही.

आता ते दुपारी मोठ्यानं वाचतात. आवाज तोच, थांबायच्या जागाही त्याच. सुरुवातीला मी मुद्दाम विचारायची, काय झालं पुढं? मग ते घाबरे होऊन पानं मागं-पुढं करत, उत्तर शोधत. मी विचारणं सोडलं.

पुण्याहून मुलाचा फोन येतो. "पापा पढ़ रहे हैं ना, फिर तो ठीक है," म्हणतो. मी हो म्हणते.

परवा त्यांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं.

"बाई, तुमाले वाचता येते का?"

आयुष्यात त्यांनी मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

"येते," मी म्हणाले.

"मंग वाचा. माह्यानं होऊन नाही राहिलं."

मी वाचलं. हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासमोर बसावं तसे ते अदबीनं ऐकत होते. पान संपल्यावर म्हणाले, "चांगलं वाचता तुमी. उद्याबी येजा."

मी येईन म्हणाले आणि कुकर लावायला आत गेले.